जळलेल्या कागदाची काच

बल्लारपुरात कोरा कागद जाळायचा म्हटले की हात कचरतो. लाला करमचंद थापर यांनी १९४५ साली इथे पेपर मिल उभारली, तेव्हापासून या गावाची भाकरी कागदावर भाजली गेली. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू ट्रकमधून यायचा, मिलमध्ये त्याचा लगदा व्हायचा आणि लगद्याचे पांढरे ताव होऊन देशभर जायचे. कागदाचा तुकडा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावणारी माणसे मी या गावात लहानपणापासून पाहिली आहेत.

तरीही परवा रात्री मी दारे लावली, पंखा बंद केला, परातीत पाणी घेतले, मेणबत्ती पेटवली आणि एक कोरा ताव तिच्यावर धरला. मला एका माणसाचा शोध माझ्या हातांनी करून पाहायचा होता. योहान्नेस श्रायटर हा जर्मन चित्रकार. १९५८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने कागद जाळून चित्रे करायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे चर्चच्या रंगीत काचेची भाषाच बदलून गेली. हे त्याने केले तरी कसे, याचा मला पुस्तकातून उलगडा होत नव्हता.

पहिला ताव फुकट गेला. उभा धरल्याबरोबर ज्योत सरसर वर चढली आणि बोटे भाजायच्या आत मला तो परातीत टाकावा लागला. दुसरा आडवा धरला, ज्योतीपासून वीतभर उंच, आणि सावकाश फिरवत राहिलो. आधी काजळीचा करडा ढग उमटला. हात खाली आणला तशी ढगाच्या पोटात पिवळसर झाक आली, मग तपकिरी, आणि एकाएकी मधोमध भोक पडून त्याची कड लाल होत बाहेर पसरू लागली. ओल्या बोटांनी ती विझवली. तिसरा ताव आधी फाडला आणि फाटलेली कड जाळली. कापलेली कड सरळ जळते. फाटलेली कड तंतूतंतूने, कुठे थांबत, कुठे धावत जळते. आग कुठे न्यायची ते माझ्या हातात होते. कड कशी उमटेल ते मात्र आगीच्या हातात होते.

मग मी तो ताव दिव्यासमोर धरला. कागदातून मऊ दुधाळ उजेड येत होता, भोकातून लख्ख, आणि दोहोंच्या मध्ये जळकी कड तांब्यासारखी तापलेली दिसत होती. माझ्या हातात खिडकी होती.

ती कड मला अनोळखी नव्हती. चंद्रपूर-गडचिरोलीत मार्च-एप्रिल महिन्यांत मोहफुले नीट वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, कधी ती आग हाताबाहेर जाते आणि वणवा डोंगर चढतो. वणवा गेल्यावर जंगलात सागाची अर्धी जळलेली पाने पडलेली असतात. पिवळा, तपकिरी, काळा, आणि मग काहीच नाही. आपण ती शेकडो वेळा तुडवत गेलो आहोत.

श्रायटरच्या मागचा वणवा मात्र माणसांनी लावलेला होता. त्याचा जन्म ८ मार्च १९३० चा, सॅक्सनीतल्या बुखहोल्ट्झचा. महायुद्ध संपले तेव्हा तो १५ वर्षांचा होता. बाँबहल्ल्यांत जर्मनीतल्या असंख्य चर्चच्या रंगीत काचा फुटून गेल्या होत्या. आखेनच्या कॅथेड्रलमधल्या २५ मीटरहून उंच खिडक्याही त्यात गेल्या. शहरे पुन्हा उभी राहू लागली तशी खिडक्यांची चौकट तयार आणि काच नाही, अशी देशभर अवस्था झाली. एका अख्ख्या पिढीच्या कलावंतांना त्या रिकाम्या चौकटींनी काम दिले. गेओर्ग माइस्टरमान त्या पिढीतला वडीलधारा. लुडविग शाफ्राथ, श्रायटर, योखेम पोएन्सगेन हे त्याच्या मागून आलेले.

त्यांच्यापुढचा प्रश्न समजायला जुनी रंगीत काच कशी घडते ते पाहावे लागते. वितळलेली काच नळीने फुंकून तिचा पोकळ दंडगोल करतात, तो उभा चिरतात आणि पुन्हा तापवून सपाट उलगडतात. निळ्यासाठी कोबाल्ट, गुलाबी-लालसाठी सोने. मग चित्राप्रमाणे तुकडे कापून शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत बसवतात आणि सांध्यांवर डाग देतात. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयात ज्यांनी मान वर केली असेल, त्यांनी हे काम पाहिले आहे. शेकडो वर्षे या कामात शिसे हमाल होते. काच पेलायची, दोन रंगांमधली हद्द सांभाळायची आणि स्वतःकडे लक्ष वेधायचे नाही, एवढीच त्याची नोकरी. युद्धानंतरच्या जर्मन कलावंतांनी त्या काळ्या पट्टीकडे रेघ म्हणून पाहिले. शाफ्राथने तिला समांतर वाहायला आणि वळायला लावले. श्रायटरने तिला फाटू दिले, आणि माझ्या मते यात तोच सर्वांत पुढे गेला.

हा धीर त्याला कागदाने दिला. म्युन्स्टर, माइन्झ आणि बर्लिन इथले शिक्षण आटोपून तो चित्रकार म्हणून स्वतःची वाट शोधत होता. १९५८ पासून त्याने कागद धुरकटवले, जाळले, फाडले आणि ते जळके तुकडे एकमेकांवर चिकटवून चित्रे रचली. कलेच्या इतिहासात ती ‘ब्रांटकोलाज’, म्हणजे आगीची चिकटचित्रे, म्हणून नोंदली गेली. लगेच १९५९-६० मध्ये माइन नदीकाठच्या बुर्गश्टाट गावात सेंट मार्गारेटा चर्चच्या खिडक्या त्याने केल्या. त्यांत संत नाहीत, गोष्ट नाही, ओळखीची आकृती नाही. गावच्या चर्चमध्ये, त्या सालात, हे धाडस होते.

पण कागद आणि काच यांचे वैर आहे. कागदाची कड हळूहळू विरते. काच एक तर आहे, नाही तर नाही. आणखी एक अडचण कारागिराला विचारली तर तो लगेच सांगेल. काचेवर हिरकणी फिरवली की चीर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते, मध्येच थांबवता येत नाही. श्रायटरला तर मध्येच थांबणारी, भरकटणारी, धागा निसटावा तशी लोंबणारी रेघ हवी होती. अशा ठिकाणी शिशाची पट्टी काचेवर वरून चिकटवावी लागते. म्हणजे तिने पेलायचे काहीच उरत नाही, ती निव्वळ रेघ होते. विरणाऱ्या कडेसाठी दोन थरांची काच घेऊन वरचा रंगीत थर अॅसिडने खात न्यावा लागतो, किंवा काळा रंग हाताने लावून भट्टीत पक्का करावा लागतो. पारदर्शक काचेऐवजी श्रायटरने दुधाळ काच मोठ्या प्रमाणावर वापरली. तिच्यातून बाहेरचे झाड किंवा रस्ता दिसत नाही, नुसता उजेड झिरपतो. दिव्यासमोर धरलेल्या माझ्या तावातून झिरपत होता तसा. ऱ्हाइनकाठच्या लॉयटेसडॉर्फ इथल्या योहान्नेसबुंडच्या चॅपेलमध्ये १९६६ साली हे सारे एकत्र आले, आणि जगभरचे काच-कलावंत ते पाहायला जाऊ लागले. १९६३ पासून तो फ्रँकफुर्टच्या श्टेडेल कलाशाळेत प्राध्यापक होता.

आता हायडेलबर्ग. माझ्या दृष्टीने या शोधाची खरी परीक्षा तिथे झाली.

तिथल्या हाइलिगगाइस्ट चर्चच्या सज्जांमध्ये एके काळी ‘बिब्लिओथेका पालाटिना’ हा युरोपातला अव्वल ग्रंथसंग्रह होता. तीस वर्षांच्या युद्धात शहर पडले आणि १६२३ मध्ये ते ग्रंथ लूट म्हणून खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून रोमला गेले. जर्मन भाषेतली हस्तलिखिते १८१६ मध्ये परत आली, बाकीचा मोठा भाग आजही व्हॅटिकनमध्ये आहे. चर्च स्वतः १६९३ मध्ये फ्रेंच सैन्याच्या आगीत जळले. अशा इमारतीच्या खिडक्यांचे काम कागद जाळणाऱ्या माणसाकडे आले. त्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे घालवून एक अख्खी मालिका रेखाटली. विषय होते भौतिकशास्त्र, वैद्यक, जीवशास्त्र, तत्त्वज्ञान, संगीत, अर्थव्यवहार. विद्यापीठाच्या गावातल्या चर्चमध्ये आजच्या ज्ञानाची पाने टांगायची, असा तो बेत होता. वैद्यकाच्या खिडकीत हृदयाच्या आलेखाची रेघ होती. रेघ कुठे तुटते, हे दाखवायला वीस वर्षे राबलेल्या हाताला याहून योग्य विषय मिळाला नसता.

१९८४ मध्ये भौतिकशास्त्राची खिडकी बसवली. ती लालभडक आहे. तिच्यात आइन्स्टाइनचे ऊर्जा-वस्तुमानाचे समीकरण आहे, पेत्राच्या दुसऱ्या पत्रातले आणि यशयातले बायबलचे उल्लेख आहेत, आणि एक तारीख आहे : ६.८.१९४५. हिरोशिमा. लोक भांडले. देवाच्या घरात समीकरण कशाला? प्रार्थनेला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर बाँब कशाला? मंडळीत दोन तट पडले, वर्तमानपत्रे पेटली, आणि शेवटी मालिकेतल्या बाकीच्या खिडक्या नाकारण्यात आल्या.

विरोध करणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ज्यांच्या शहरांवर आग पडली, त्यांना रविवारी सकाळी थोडी शांती हवी असेल तर ती त्यांची गरज होती. पण या वादात मी श्रायटरच्या बाजूचा आहे. आग लागून गेलेल्या घरात पुन्हा फुलापानांची काच बसवली तर घर सजते, पण काय घडले ते तिथे राहणाऱ्यांच्या मुलांना कधीच कळत नाही. जळकी कड झाकून टाकण्यासारखी नसते, आणि तिच्यातूनही उजेड येतो, हे त्याने १९५८ सालीच कागदावर पाहिले होते. हायडेलबर्गमध्ये तो तेच मोठ्याने म्हणाला.

नाकारल्याने वैद्यकाचा विषय संपला नाही. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात सेंट फिलिप हे जुने चर्च रॉयल लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय ग्रंथालयासाठी वापरात आले, तेव्हा तिथे श्रायटरने वैद्यकावरच्या आठ खिडक्या केल्या. त्यांतली एक जोसेफ मेरिकवर आहे. ज्याला लोकांनी ‘हत्तीमाणूस’ म्हणून जत्रेत दाखवले आणि ज्याने शेवटची वर्षे त्याच हॉस्पिटलात काढली, तो मेरिक. शिकाऊ डॉक्टर त्या उजेडात अभ्यासाला बसले.

माझा जळका ताव मी खिडकीच्या गजांना चिकटवून ठेवला आहे. सकाळी पूर्वेचा उजेड त्यातून येतो. कड रोज थोडी झडते, कारण तो कागद आहे.

हायडेलबर्गची भौतिकशास्त्राची खिडकी काचेची आहे. त्या मालिकेतली ती एकटीच त्या चर्चमध्ये लागली, आणि तिच्यावरची तारीख तिथेच आहे.