हक्क कागदावर, किल्ली कंपनीकडे!

आकाशवाणीवर भीमगीत लागले की वस्तीत ज्याच्या घरी टेपरेकॉर्डर असे, तो घाईने कोरी कॅसेट घालून लाल बटण दाबत असे. पोरांना दटावून गप्प बसवले जाई. ते गीत पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नसे. अशा कॅसेटांनीच आपल्या कितीतरी गायकांचा आवाज घराघरांत जपला.

असे ध्वनिमुद्रण म्हणजे चोरी, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ३९ सांगते की, स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी प्रसारण ध्वनिमुद्रित केले तर प्रसारकाच्या वा कलावंताच्या हक्काचा भंग होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मधील खासगी वापराची सवलत ध्वनिमुद्रिकांनाही मिळाली.

मात्र त्याच दुरुस्तीने कलम ६५अ आणले. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर गुन्हा नाही. पण त्यासाठी मदत करणाऱ्याने मदत घेणाऱ्याचे नाव-पत्ता नोंदवून ठेवायचा. कंपनीने स्वतः कुलूप उघडून द्यावे, अशी सक्ती मात्र कुठेच नाही. आज ॲपवर उतरवून घेतलेले गाणे वर्गणी संपताच बंद पडते. उद्या कंपनीने ते काढूनच टाकले, तर आपल्या हाती काय उरणार?

कागदावरच्या हक्काची किंमत आपल्याला नव्याने सांगायला नको. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले होते. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला.

याचा अर्थ प्रती काढून विका, असा नव्हे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले; त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या गीतांवरील कॉपीराइट २०६४ अखेरपर्यंत आहे. कवीचा वाटा बुडवून चळवळ मोठी होत नाही.

पण जतन करणे आपल्या हातात आहे. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाजवळ मूळ कॅसेट असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा कलम ५२ देते. विहारांच्या वाचनालयांनी रीतसर नोंदणी करून हे काम हाती घ्यावे. कॅसेटची फीत झिजते, तिला बुरशी लागते. येत्या १४ एप्रिलला डीजेची वर्गणी गोळा करताना थोडे पैसे यासाठी बाजूला काढा. आपला आवाज आपणच सांभाळला पाहिजे.

जयभीम!