सरकारदरबारची पायरी

१९६६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, शेतमालाच्या पडत्या भावांचे गाऱ्हाणे घेऊन, आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील बँट्री या गावाहून काही शेतकरी पायीच डब्लिनकडे निघाले. दोनशे मैलांहून अधिक वाट तुडवून ते राजधानीत पोहोचले तेव्हा त्यांना येऊन मिळालेल्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली होती. परंतु शेतकीमंत्री चार्ल्स हॉही यांच्याशी काही केल्या जमेना, तेव्हा त्यांचे पुढारी रिकार्ड डेसी आणि त्यांचे मोजके सहकारी शेतकी खात्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवरच ठाण मांडून बसले, आणि पावसापाण्याची तमा न बाळगता जवळजवळ तीन आठवडे तेथून हलले नाहीत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या मंडळींनी सरकारदरबारच्या पायरीवर मुक्कामच ठोकला.

आज शेतकऱ्यांच्या संघटनांना सहसा असे बसावे लागत नाही. किल्डेअर स्ट्रीटवरील लेन्स्टर हाउस, म्हणजे आयरिश संसदेचे वास्तव्यस्थान, आणि त्याच्या फाटकासमोरचे बझवेल्स हॉटेल यांच्यामधील रस्ता ओलांडायला मिनिटभरही लागत नाही. ऑक्टोबरात अंदाजपत्रक सादर होते, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यांत कधी वृद्धांच्या संस्था, कधी उपाहारगृहांचे मालक, कधी अपंगांचे कैवारी त्या हॉटेलातील एखादी खोली भाड्याने घेतात, चहाची व्यवस्था करतात, मागण्यांचा छापील कागद टेबलावर ठेवतात आणि येणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीशी, ज्याला तेथे ‘टीडी’ म्हणतात, त्याच्याच मतदारसंघातला माणूस हुडकून बोलावयास लावतात. राष्ट्रीय आकडेवारीपेक्षा आपल्या गावच्या माणसाचे तोंड टीडीला अधिक ऐकू येते, हे या मनधरणीच्या व्यवसायातील प्रथम सूत्र होय.

त्याचे कारण मतदानाच्या पद्धतीत आहे. प्रत्येक मतदारसंघातून ३ ते ५ प्रतिनिधी निवडले जातात, आणि मतदार मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. त्यामुळे एकाच पक्षाचे दोन उमेदवारही परस्परांचे प्रतिस्पर्धी ठरतात, आणि शेवटची जागा पुष्कळदा कोणाच्या तरी चौथ्या-पाचव्या पसंतीच्या मतांवर पदरात पडते. ज्याला कोणाची पाचवी पसंतीही गमावणे परवडत नाही, तो कोणाला तोंडावर ‘नाही’ कसे म्हणणार? ही पद्धत मोडीत काढावी म्हणून सत्ताधारी फिएना फॉल पक्षाने १९५९ आणि १९६८ साली सार्वमत घेतले. जनतेने दोन्ही वेळा प्रस्ताव फेटाळला. आपल्या प्रतिनिधीला गाठीशी बांधून ठेवणारी दोरी कोण आपणहून सोडील?

या जवळिकीला काळी बाजूही आहे. डब्लिनच्या आसपासची शेतजमीन बांधकामास मोकळी करून घेण्यासाठी नगरसेवकांना पैसे चारले गेल्याच्या चौकशीसाठी १९९७ साली नेमलेल्या आयोगाचा अंतिम अहवाल २०१२ साली निघाला. एके काळी सरकारचेच वृत्तसचिव असलेले आणि पुढे जमीनमालकांचे मध्यस्थ झालेले फ्रँक डनलॉप या प्रकरणी २००९ साली तुरुंगात गेले.

त्यानंतरच्या सुधारणांतून आलेला २०१५ चा कायदा मला विशेष वाचनीय वाटतो, कारण त्याने मनधरणी करण्यास बंदी घातली नाही, केवळ ती लिहून ठेवावयास सांगितले. दहाहून अधिक नोकर असणारा मालक, पगारी माणूस बाळगणारी संघटना, दुसऱ्याच्या वतीने पैसे घेऊन शब्द टाकणारा मध्यस्थ, आणि जमिनीच्या वापराविषयी बोलणारा कोणीही, या सर्वांनी मंत्री, टीडी अथवा वरिष्ठ अधिकारी यांना भेटल्यास वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या २१ तारखेपर्यंत, सार्वजनिक नोंदवहीत दाखला द्यावयाचा. कोणाला भेटलात, कशाविषयी, पत्राने की समक्ष, हे तर विचारतातच. पण एक रकाना असा आहे की, या भेटीतून तुम्हाला नेमके काय साधावयाचे होते ते लिहा. आपल्या मनातील हेतू सरकारी दप्तरात स्वतःच्या हाताने नोंदविण्याची ही सक्ती मोठी मार्मिक आहे. मुदत चुकल्यास २०० युरो दंड भरावा लागतो. मात्र चार नोकर ठेवणारा खेड्यातील पबवाला आपल्याच काउंटरवर कोपर टेकून टीडीला दोन शब्द सुनावतो, त्याची नोंद कोठेच होत नाही. आणि माझ्या मते खरी भीड तेथेच पडते.

मद्यविषयक कायद्याची कथा याची साक्ष देते. हे विधेयक २०१५ च्या डिसेंबरात ज्या आरोग्यमंत्र्यांनी मांडले ते लिओ वराडकर, म्हणजे मालवण तालुक्यातील वराड हे मूळ गाव असलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव, जे पुढे पंतप्रधान झाले. दुकानातील दारू इतर मालापासून निराळी, आडपडद्यात ठेवावी, तिची किमान किंमत ठरवावी, बाटलीवर आरोग्याविषयीचा इशारा छापावा, अशी कलमे त्यात होती. दारूचे उत्पादक तर विरोधात होतेच. पण परिणाम झाला तो छोट्या दुकानदारांच्या तक्रारीचा, की दहा फुटांच्या दुकानात आम्ही पडदा उभारावा कोठे? सेनेटमध्ये खुद्द सत्ताधारी बाकांवरून कुरकुर सुरू झाली, दुकानदारांना पर्याय देण्यात आले, आणि गायिका-सेनेटर फ्रान्सेस ब्लॅक यांच्यासारख्यांनी नेटाने लावून धरलेल्या त्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही होईपर्यंत २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. दारू निराळी मांडण्याचा नियम २०२० च्या नोव्हेंबरात लागू झाला आणि किमान किमतीचा २०२२ च्या जानेवारीत.

उरले लेबल. त्याचा नियम २०२३ च्या मे महिन्यात सहीशिक्क्यानिशी निघाला, अंमल २०२६ च्या मे महिन्यापासून व्हावयाचा होता. परंतु २०२५ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेच्या आयातकराने व्यापारात अनिश्चितता माजली असल्याचे कारण देऊन, सरकारने ती तारीख २०२८ च्या सप्टेंबरापर्यंत पुढे ढकलली. उत्पादकांच्या संघटनांनी मागितले होते तेही हेच. लाच नाही, धमकी नाही. फक्त आणखी थोडा अवधी. दरम्यान ज्या कंपन्यांनी आधीच्या तारखेवर विसंबून लेबले छापून घेतली, त्यांच्या बाटल्या तो इशारा मिरवीत आयरिश दुकानांच्या फळ्यांवर येऊन बसल्या आहेत, आणि शेजारची बाटली मात्र कोरीच आहे.