वीज आली, पण निरोप आला नाही

स्मरणिकेत आपण बहुधा रुग्णांच्या व्यथा मांडतो. आज एका डॉक्टरच्या घरातील व्यथा मांडतो आहे.

गेल्या वैशाखातील गोष्ट. भालकीच्या जुन्या घरी माझी आई एकटी राहते. मुले पुण्यास, आम्ही उभयता बीदरच्या दवाखान्यात गुंतलेले. तिच्या सोबतीस काहीतरी असावे म्हणून घरात बिनतारी सेन्सर बसविले. दार उघडले, खोलीत हालचाल झाली, की माझ्या मोबाईलवर निरोप यावा, अशी योजना होती.

त्या रात्री वळवाचा पाऊस आला व अकराच्या सुमारास लाईट गेली. दीड तासाने ती परत आल्याचे कळले, तेव्हा मी मोबाईल पाहिला. 'दार बंद. हालचाल नाही.' आई झोपली असे समजून मीही निश्चिंत झोपलो.

आई झोपली नव्हती. अंधारात न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून ती पडली होती व खुब्याचे हाड मोडले होते. रात्रभर सरपटत ती माजघराच्या दारापर्यंत आली. तेथील सेन्सर तिच्या डोक्यावरच होता. पण त्याचा निरोप घराबाहेर पडत नव्हता. सकाळी दूध घालणाऱ्या बाईंनी हाक मारली, आतून क्षीण ओ आली आणि शेजारी धावले.

पडल्यानंतर तासन् तास जमिनीवर राहिलेल्या वृद्धाचे काय होते, हे आपणांस सांगावयास नको. दबलेले स्नायू झिजतात, त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांवर आघात करतात, अंगाला पाणी कमी पडते. सुदैवाने उपचार वेळेत झाले, शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आज ती वॉकर घेऊन अंगणात फिरते.

मग चुकले कोठे? घरात इन्व्हर्टर होता. पण आपल्याकडील बहुतेक घरांप्रमाणे त्यावर दोन पंखे व चार दिवे एवढेच जोडलेले. न्हाणीचा दिवा आणि राउटरचा प्लग त्यावर नव्हते. लाईट आली तेव्हा सेन्सरांचे निरोप गोळा करणारी मध्यवर्ती पेटी काही सेकंदांत जागी झाली. राउटरला इंटरनेटशी जुळण्यास काही मिनिटे लागली. पेटीने तेवढ्यात अनेकदा दार ठोठावले, उत्तर न मिळाल्याने ती गप्प बसली आणि कोणी बटण दाबेपर्यंत गप्पच राहिली.

अशी आणखीही कारणे असतात. बॅटरीवर चालणारा सेन्सर संपर्क तुटल्यावर बॅटरी वाचविण्यासाठी दोन प्रयत्नांमधील अंतर वाढवीत नेतो. पुन्हा सुरू झालेला राउटर कधी दुसरी वाहिनी निवडतो, मग २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात बोलणाऱ्या लहान उपकरणांचा आवाज त्याच्या गोंगाटात बुडू शकतो.

वीज परत येणे ही एका क्षणाची घटना नसून क्रमाने घडणारी प्रक्रिया आहे. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले, तेव्हा प्रथम रेल्वे, मेट्रो व विमानतळ यांना वीज देण्यात आली, मग इतरांना. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन जाळी कोसळून ६० कोटींहून अधिक लोकांना झळ बसली. दक्षिणेचे जाळे तेव्हा त्यांच्याशी एकतालात जोडलेले नसल्याने आपण वाचलो. ती जोडणी ३१ डिसेंबर २०१३ रोजी आपल्या शेजारच्या रायचूर-सोलापूर वाहिनीने झाली. बेशुद्ध रुग्णाचा श्वासमार्ग, श्वसन, मग रक्ताभिसरण हा क्रम आपण मोडत नाही. घरातही प्रथम राउटर, मग पेटी, मग सेन्सर हा क्रम सांभाळावा लागतो.

परंतु मुख्य चूक यंत्राची नव्हती, माझी होती. मोबाईलवर दिसत होती ती लाईट जाण्यापूर्वीची बातमी. मी ती ताजी मानली. तपासणीस पुन्हा न आलेला रुग्ण बरा झाला, असे आपण गृहीत धरतो का? मौन म्हणजे क्षेम नव्हे, हे जाणणारा मी त्या रात्री ते विसरलो. चांगल्या व्यवस्थेत प्रत्येक सेन्सर ठराविक काळाने 'मी आहे' एवढाच संकेत पाठवितो. अभियंते त्याला हृदयाचा ठोकाच म्हणतात. तो चुकला की मोबाईलने ओरडून उठविले पाहिजे.

आता आमच्या घरी राउटर, पेटी व न्हाणीचा दिवा इन्व्हर्टरवर आहेत. शेवटचा निरोप किती वाजता आला, हे मोबाईलवर दिसते. महिन्यातून एकदा आईला सांगून मेन स्विच दहा मिनिटे बंद ठेवतो व लाईट आल्यावर प्रत्येक सेन्सर बोलतो की नाही, हे पाहतो. घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. दवाखान्यातील लसींच्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंश तापमान राखावयाचे असते; तेथील बिनतारी तापमापकासही मी हीच परीक्षा लावली आहे.

आपल्या सीमाभागात अनेकांचे आईवडील गावी आणि मुले दूर आहेत. त्यांनी अशी यंत्रे जरूर बसवावीत. पण लाईट गेल्याचे कळले की एक फोनही करावा. मी तो करतो. कधी आई झोपेतून उठते, रागावते. ते रागावणे ऐकल्यावरच मला झोप लागते.