फराहबाग

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील निजामशाहीकालीन उद्यानप्रासाद. शहराच्या आग्नेयीस भिंगार लष्करी छावणीच्या परिसरात तो असून त्यास फरियाबाग असेही म्हणतात. पहिल्या मुर्तझा निजामशाहाच्या कारकीर्दीत (१५६५–८८) चंगीझखान या वजिराने बांधकामास आरंभ केला. पुढे खोट्या आरोपांवर विश्वास ठेवून सुलतानाने त्यास विष देवविले आणि पश्चात्तापाने स्वतः एकांतवास पतकरला. नियामतखानाने पुरी केलेली वास्तू त्यास रुचली नाही. ती पाडण्यात आली व सलाबतखानाने १५८३ मध्ये नवी वास्तू सिद्ध केली. पाचच वर्षांनी मुर्तझा आपल्याच मुलाच्या हातून हमामखान्यात मारला गेला.

प्रासाद अष्टकोनी, दुमजली असून एका प्रशस्त तलावाच्या मध्यभागी होता. मधोमध घुमटाकार छताचे उंच दालन, चार मुख्य बाजूंस दोन्ही मजले व्यापणाऱ्या भव्य कमानी आणि कोपऱ्यांत लहान दालने, अशी ही इराणी ‘हश्त बिहिश्त’ (अष्टस्वर्ग) धाटणीची रचना होय. दिल्लीतील हुमायूनची कबर याच कुळातील. त्यामुळे ताजमहालाची कल्पना फराहबागेवरून सुचली, ही लोकप्रिय समजूत पटण्याजोगी नाही. दोन्ही वास्तूंचे मूळ एकच, एवढेच म्हणता येईल. भिंती ओबडधोबड दगड व चुन्याच्या असून त्यांवर गिलावा होता. सारी शोभा गिलाव्याची व पाण्याची. जवळची दमडी मशीद (१५६७) याच्या अगदी उलट : आकाराने लहान, परंतु घडीव दगडावरील कोरीवकामाने नटलेली. म्हणूनच की काय, मशिदीचे सौंदर्य टिकले, महालाचे गळून पडले.

शहराभोवतालच्या डोंगरउतारांवरून खापरी नळांनी पाणी आणण्याची निजामशाही व्यवस्था प्रसिद्ध आहे. बागा व तलाव तिच्यावरच पोसले जात. ती मोडली आणि तलाव कोरडा पडला. आज महालाभोवती केवळ खोलगट जमीन दिसते.

सलाबतखानाची स्वतःची कबरही अष्टकोनीच आहे. शहराच्या पूर्वेस डोंगरावरील ही तीन मजली वास्तू लोक ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून ओळखतात. चांदबीबीशी तिचा संबंध नाही. फराहबाग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असून त्याच्या परिसरात १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे. बहुतेक प्रवासी रणगाडे पाहूनच परततात.