पदवीच्या नावात ‘गेम’ असायलाच हवा का?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न कानावर यायला लागतो : “मुलाला गेम बनवायचे आहेत, गेमिंगची डिग्री कुठे मिळेल?” विचारणाऱ्याने निम्मा निर्णय आधीच घेतलेला असतो. पदवीच्या नावात ‘गेम’ असलाच पाहिजे, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. आता कॉलेज कोणतं आणि फी किती, एवढंच काय ते ठरायचं. ही फी बऱ्याचदा सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून हा गैरसमज नीट सोडवून पाहायला हवा.

गैरसमज : गेम बनवायचे तर गेमचीच पदवी लागते.

वस्तुस्थिती अशी, की ‘गेम बनवणारा’ नावाचं पद स्टुडिओत नसतंच. तिथे प्रोग्रामर असतो, आर्टिस्ट असतो, ॲनिमेटर, गेम डिझायनर, साउंड डिझायनर, टेस्टर, प्रोड्युसर असतात. पुण्याच्या एफटीआयआयमध्येसुद्धा दिग्दर्शन, छायांकन, संकलन आणि ध्वनी यांचे अभ्यासक्रम वेगवेगळे आहेत, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. गेमच्या बाबतीत मात्र एकाच कोर्समधून सगळं मिळेल, असं आपण खुशाल मानतो. मुलाला यातलं नेमकं कोणतं काम करायचं आहे, हे आधी ठरवावं लागतं. पदवी त्यावरून ठरते.

प्रोग्रामरचं काम घ्या. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात खेळणाऱ्याने दाबलेलं बटण ओळखायचं, कोण कुणावर आदळलं ते तपासायचं, शत्रूची पुढची चाल ठरवायची आणि अख्खं चित्र पडद्यावर काढायचं. हे जमायला डेटा स्ट्रक्चर्स, मेमरीचा हिशोब, ऑपरेटिंग सिस्टिम आणि एखादी भाषा मुळापासून यावी लागते. गेम ज्यावर बांधतात त्या सॉफ्टवेअरला ‘इंजिन’ म्हणतात; अनरियल इंजिनसाठी सी++ लागते, युनिटीसाठी सी शार्प. यांचा पाया कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीएमध्ये घातला जातो. इंजिन शिकवायचं आणि पाया वगळायचा, असा ‘गेम’ कोर्स केलेला मुलगा तांत्रिक मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत अडकतो.

आर्टिस्टचं गणित वेगळं. शरीररचना, प्रकाश, रंग आणि प्रमाण यांच्यावर हात बसायला वर्षं लागतात. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि काही महिन्यांत कामापुरतं शिकता येतं. म्हणून चित्रकलेच्या मुलाने जे. जे. किंवा दुसऱ्या चांगल्या कला महाविद्यालयातली बीएफए, नाहीतर यूसीड किंवा एनआयडीच्या प्रवेशपरीक्षेतून मिळणारी बी.डेस. आधी पाहावी. या पदव्यांच्या नावात गेम नाही म्हणून कुणी त्याचा पोर्टफोलिओ बाजूला ठेवत नाही.

आणि गेम डिझायनर? मारिओचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी कानाझावाच्या कला महाविद्यालयात इंडस्ट्रियल डिझाइन शिकून १९७७ मध्ये निन्तेंदोत प्रवेश केला. ‘मेटल गियर’चे हिदेओ कोजिमा अर्थशास्त्राचे विद्यार्थी. ‘डार्क सोल्स’चे हिदेताका मियाझाकी यांनी केइओ विद्यापीठात सामाजिक शास्त्रं शिकली आणि गेमच्या धंद्यात येण्याआधी ओरॅकलमध्ये नोकरी केली.

“ती जुनी माणसं हो, तेव्हा असले कोर्स होते कुठे?” हा आक्षेप लगेच येतो, आणि तो रास्त आहे. मग अलीकडची नावं घेऊ. २०१५ मध्ये ‘अंडरटेल’ आणणारा टोबी फॉक्स पर्यावरणशास्त्र शिकला होता. २०१६ चा ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने बनवणाऱ्या एरिक बॅरोनकडे कॉम्प्युटर सायन्सची पदवी होती. अमेरिकेत तोवर गेमच्या पदव्या चांगल्या रुळल्या होत्या, तरी या दोघांना त्यांची गरज पडली नाही.

याचा अर्थ गेमची पदवी कुचकामी असते असा मुळीच नाही. अमेरिकेतल्या डिजिपेन या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा गेम केला. तो पाहून वाल्व्ह कंपनीने त्या सगळ्या चमूलाच नोकरीवर घेतलं आणि त्याच कल्पनेतून २००७ चा ‘पोर्टल’ उभा राहिला. इथे कंपनीला भावला तो पुरा करून दाखवलेला गेम. चांगला गेम कोर्स मुलांना गट करून, मुदतीत, खेळता येईल असं काहीतरी पुरं करायला लावतो. त्याची खरी किंमत तिथे आहे. आपल्याकडे एनआयडीचा डिजिटल गेम डिझाइन हा अभ्यासक्रम बंगळूरला आहे, पण तो एम.डेस.चा आहे. म्हणजे आधी दुसरी पदवी, मग गेम. हा क्रम पालकांनी जरूर ध्यानात घ्यावा.

आता चिडण्यासारखा भाग. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘डिग्री’ छापलेलं असतं. खाली बारीक टायपात असतं, की डिप्लोमा आमचा आणि पदवी भलत्याच विद्यापीठाची. यूजीसी कायदा, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. खासगी संस्थांना फ्रँचायझी देऊन पदव्या देता येत नाहीत, हेही यूजीसीने जाहीर नोटिसा काढून सांगितलं आहे. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर असते. ती पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि लाखो रुपये भरणारे लोक ती पाच मिनिटं काढत नाहीत!

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“तो दिवसभर गेम खेळतो, म्हणजे त्याला हे जमेल.” टेस्टर एकच दार शेकडो वेळा उघडून बघतो आणि ते कधी अडकलं याची नोंद लिहितो. खेळण्याच्या आवडीतून ही चिकाटी आपोआप येत नाही.

“गणित नको, म्हणून गेमिंगला घालतोय.” गेममधल्या पहारेकऱ्याला खेळाडू समोर दिसतोय की तो पाठीमागे आहे, हे व्हेक्टरच्या डॉट प्रॉडक्टवरून ठरतं. बारावी सायन्सच्या गणितातले व्हेक्टर आणि मॅट्रिक्स हेच इथलं रोजचं काम. प्रोग्रामर व्हायचं असेल तर गणितापासून सुटका नाही.

“गेम डिझायनर म्हणजे चित्रं काढणारा.” चित्रं आर्टिस्ट काढतो. डिझायनर नियम, टप्पे आणि बक्षिसं ठरवतो, ती लिहून काढतो आणि लोकांना खेळायला देऊन पुन्हा बदलतो. त्याला लेखन आणि स्प्रेडशीट दोन्ही यायला हवं.

“इथे काम कुठे आहे? परदेशातच जावं लागणार.” युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे. २०२० मध्ये जगभर विकला गेलेला ‘राजी’ पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने बनवला आणि ‘इंडस’ बनवणारी सुपरगेमिंगही पुण्याचीच. जागा थोड्या असतात, पण त्यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागत नाही.

“गेमिंगवर तर सरकारने बंदी घातली.” २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्सना आणि पैसे न लावता खेळायच्या खेळांना तोच कायदा प्रोत्साहन देतो.

“मग पदवी कशाला, यूट्यूब पुरे.” हे दुसरं टोक. कौशल्य यूट्यूबवरून येऊ शकतं, पण व्हिसा अधिकाऱ्याला ते दाखवता येत नाही. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि तिथे तीन वर्षांचा अनुभव कॉलेजच्या एका वर्षाबरोबर धरतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीऐवजी बारा वर्षांचा अनुभव दाखवा! शिवाय हा धंदा चढ-उताराचा आहे. एकट्या मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातल्या १,९०० लोकांना काढलं. अशा वेळी कॉम्प्युटर सायन्सवाला बँकेच्या सॉफ्टवेअरकडे वळू शकतो, बीएफएवाला जाहिरात किंवा ॲनिमेशनकडे. केवळ एका इंजिनची बटणं शिकलेल्याला असा दुसरा रस्ता शोधणं अवघड जातं.

तरीही गेमच्याच कोर्सला घालायचं असेल तर प्रवेश घेताना चार गोष्टी विचारा. पदवीवर सही कोणत्या विद्यापीठाची? प्रोग्रामिंग, गणित किंवा चित्रकलेला किती सेमिस्टर? शिकवणाऱ्यांपैकी कुणी विक्रीला आलेल्या गेमवर काम केलंय? आणि मागच्या बॅचच्या मुलांनी केलेले गेम कुठे आहेत? यातला शेवटचा प्रश्न विचारून थांबू नका. ते गेम मुलाला तिथेच बसून खेळू द्या, मग फीचं बोला.