विश्लेषण : जपानमध्ये मसाज शिकवणाऱ्या नव्या शाळांवर निर्बंध का?

मुंबई, पुणे किंवा गोव्यातील अनेक स्पांच्या दरपत्रकांवर ‘शियात्सू’ हे नाव दिसते. ग्राहकासाठी तो तासाभराचा आराम असतो. जपानमध्ये मात्र हा राष्ट्रीय परवाना लागणारा व्यवसाय आहे आणि अंध व्यक्तींच्या पोटापाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. त्यावरचा एक वाद तर थेट तेथील सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता.

आन्मा, तुईना आणि शियात्सू म्हणजे काय?

चीनमध्ये हाताने केल्या जाणाऱ्या उपचाराला पूर्वी ‘आन्मो’ म्हणत. म्हणजे दाबणे आणि चोळणे. पुढे ‘तुईना’ (ढकलणे आणि पकडणे) हे नाव रूढ झाले. चिनी पारंपरिक वैद्यकाच्या विद्यापीठांत ते आजही शिकवले जाते. हीच विद्या जपानमध्ये जाऊन ‘आन्मा’ झाली. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या जपानी राजसंहितेत आन्मा शिकवणाऱ्यांसाठी दरबारी पदे होती.

शियात्सू त्या मानाने अगदी अलीकडचे. ‘शि’ म्हणजे बोट, ‘आत्सु’ म्हणजे दाब. यात सहसा तेल वापरत नाहीत; कपड्यांवरूनच अंगठा, बोटे आणि तळहाताने दाब दिला जातो. टोकुजिरो नामिकोशी यांनी १९२५ मध्ये होक्काइडो बेटावर शियात्सूचे केंद्र सुरू केले. १९५४ मध्ये जपानला आलेल्या हॉलिवूड अभिनेत्री मेरिलिन मन्रो यांच्यावर त्यांनी उपचार केले आणि शियात्सूचा बोलबाला झाला.

हा व्यवसाय अंधांचा कसा झाला?

याचे मोठे श्रेय सुगियामा वाइची (१६१०-१६९४) या अंध वैद्याला जाते. बारीक नळीतून सुई टोचण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. नळीमुळे केवळ स्पर्शाच्या आधारे सुई नेमक्या जागी टोचता येऊ लागली. शोगुन तोकुगावा त्सुनायोशी यांच्या आश्रयाने त्यांनी अंधांना अॅक्युपंक्चर आणि आन्मा शिकवण्याची सोय उभी केली. पुढे रात्री शिट्टी वाजवत गल्लोगल्ली फिरणारा अंध आन्मा शहरांच्या ओळखीचा झाला. जपानी चित्रपटांतील प्रसिद्ध नायक झातोइचीही असाच अंध मालिशवाला.

१९४७ मध्ये काय घडले?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा कारभार पाहणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने हे पारंपरिक उपचार अशास्त्रीय ठरवून बंद करण्याची भूमिका घेतली. अंध व्यावसायिकांनी त्याला कडाडून विरोध केला. अखेर डिसेंबर १९४७ मध्ये या व्यवसायांना परवान्याच्या चौकटीत आणणारा कायदा झाला. आज परवान्यासाठी किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आवश्यक आहे.

शाळांवर निर्बंध कशासाठी?

डोळस व्यावसायिकांची संख्या वाढून अंधांचा रोजगार जाईल, ही भीती होती. म्हणून १९६४ मध्ये कायद्यात कलम १९ आले. अंध व्यावसायिकांची उपजीविका धोक्यात येऊ नये यासाठी, डोळसांकरिता असलेल्या नव्या अभ्यासक्रमांना सरकार ‘तूर्तास’ मान्यता नाकारू शकते, असे हे कलम सांगते. तो ‘तूर्तास’ सहा दशके टिकला आहे.

मान्यता नाकारलेल्या एका शिक्षणसंस्थेने याला आव्हान दिले. हा व्यवसायस्वातंत्र्यावर घाला असल्याचा तिचा दावा होता. ७ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य नसल्याचा निकाल दिला. अंधांना अन्य व्यवसायांत मर्यादित संधी मिळतात, त्यामुळे हे संरक्षण सार्वजनिक हिताचे ठरते, असा त्याचा आशय होता.

मग प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. आरोग्याला अपाय होण्याची शक्यता असेल तरच विनापरवाना उपचार दंडनीय ठरतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानेच १९६० मध्ये एका प्रकरणात दिला होता. त्या आधारावर ‘मसाज’ हा शब्द टाळून ‘रिलॅक्सेशन’च्या पाट्या लावणारी असंख्य दुकाने उभी राहिली. तिथे काम करणाऱ्याला ना तीन वर्षांचे शिक्षण लागते, ना परीक्षा. कलम १९ नव्या शाळा रोखते. या दुकानांना मात्र ते लागूच होत नाही. तीन वर्षे शिकून परवाना मिळवलेल्या अंध व्यावसायिकाची खरी स्पर्धा आता त्यांच्याशी आहे.