यंत्रस्वीकार आणि उपजीविका : सोलापूरच्या मागाचा अनुभव

अल्प उत्पन्नाचे समाज नवे तंत्र का स्वीकारीत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अज्ञान व रूढिप्रियता यांत शोधले जाते. सोलापूरच्या विणकरांचा अनुभव या उत्तरास पुष्टी देत नाही.

तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका मागाचा प्रसार झाला. दोरीच्या झटक्याने धोटा फेकण्याची ही योजना जुन्याच मागाला जोडता येत असे. खर्च थोडा, लाभ तत्काळ. पुढे याच समाजाने यंत्रमाग व जेकार्ड आपलेसे केले आणि त्यांवर विणलेल्या सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकनही लाभले. अमेरिकेतील संकरित मक्याच्या प्रसाराविषयी झ्वी ग्रिलिखेस यांनी १९५७ मध्ये दाखविले की, प्रदेशाप्रदेशांतील प्रसाराच्या वेगाचा फरक बहुतांशी लाभाच्या प्रमाणावरून उलगडतो. सोलापूरचा अनुभव या प्रतिपादनाशी जुळणारा आहे.

परंतु लाभ कोणाचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही. हातमाग हे कुटुंबाचे साधन होते. पुरुष माग चालवी, तर कांड्या भरणे व ताण्याची तयारी यांत स्त्रिया व मुले हातभार लावीत. यंत्रमाग कारखान्यात गेला तेव्हा विणकर नगावर मजुरी घेणारा कामगार झाला आणि मागाभोवतीचे घरातील काम आटले. घरी बसून करता येण्याजोगा विडी वळण्याचा व्यवसाय सोलापुरात हजारो स्त्रियांचा आधार झाला. मागाची उत्पादकता वाढली, एवढ्यावरून कुटुंबाची मिळकत वाढली असे अनुमान काढता येत नाही.

धोटाविरहित मागांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. हा माग जुन्या मागास जोडता येत नाही. तो समूळ नवा घ्यावा लागतो. सुताचे भाव चढले किंवा चादरीची मागणी घटली, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. केंद्र सरकारने १९९९ मध्ये सुरू केलेल्या तंत्रोन्नयन निधी योजनेत व्याजात सवलत होती. पण व्याजातील सवलत ज्याला कर्जच मिळते त्याच्याच उपयोगी पडते. तारणावाचून असलेल्या लहान कारखानदाराचा संकोच ही रूढिप्रियता नसून जोखमीचा हिशेब होय.

गाडगीळ यांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील संशोधकास तुलनेसाठी तो मोलाचा आधार आहे. मात्र अशा संशोधनात मागांची गणना पुरेशी नाही. अभ्यासाचे एकक कुटुंब असावे. यंत्राची जोखीम कोणी पत्करली, वाढीव उत्पन्न कोणाकडे गेले आणि गेलेल्या कामाची जागा कोणत्या कामाने घेतली, हे प्रत्येक घरी विचारले पाहिजे.